मनोहरची काच

सिंधू,

तुझ्या तेरवीहून मी काल परत आले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर सवयीने पर्स ठेवली. कामठीला एक बाई चढली. "कोनी हाय का वं इथं?" तिने विचारलं. मी "नाही" म्हटलं आणि पर्स उचलून मांडीवर घेतली. तू गेलीस हे या पंधरवड्यात मला कितीतरी जणांनी सांगितलं होतं. माझ्या तोंडून ते पहिल्यांदा तिथे निघालं.

तुझ्या शाळेने शोकसभा घेतली. मुख्याध्यापिकांनी तुझ्या नोकरीची वर्षं वाचून दाखवली, तुझ्या हाताखालून पुढे गेलेल्या मुलींची नावं घेतली. मला जिवलग मैत्रीण म्हणून बोलायला उभं केलं, तेव्हा मी दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. पण मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याजवळ बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला सतरा वर्षं मिळाली होती.

म्हणून आता हे लिहिते आहे.

आपण एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि नोटीस बोर्डावर तो कागद लागला. एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने संशोधनाचं काम शिकायचं, जागा दोन. मे महिन्यात नागपुरात थांबायला कोण तयार होणार? सगळा वर्ग गावोगावी पळाला. अर्ज आले दोन, तुझा आणि माझा. तोवर वर्षभरात आपण एकमेकींशी चार वाक्यंही बोललो नव्हतो. तू रामटेककडची, होस्टेलवर राहणारी, पहिल्या बाकावरची. मी धरमपेठेतली, आईबाबांची एकुलती एक, घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर. मैत्रीण म्हणावी अशी मला तेव्हा कुणीच नव्हती. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तुझ्या लक्षात आलं असेलच.

ती प्रयोगशाळा आठवते? कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आणि स्पिरिटचा वास. पंखा लावला की स्लाइड वाळायच्या आणि बंद केला की आपण. स्लाइडला तू शेवटपर्यंत काच म्हणायचीस. आपल्याला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई सकाळी आठला हजर असायच्या आणि आपण पाच मिनिटं उशिरा आलो तर नुसत्या घड्याळाकडे बघायच्या. काम होतं सिकलसेलचं. रक्ताच्या थेंबात एक औषध मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची, कडा मेणाने बंद करायच्या आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ज्याच्या रक्तात तो दोष असेल त्याच्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. उन्हाळाभर रामटेकच्या आसपासच्या गावांतून रक्ताचे नमुने आणायचे, तपासायचे, वहीत नोंदवायचे.

"आधी एकमेकींचं रक्त घ्या," गावांना निघायची वेळ आली तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या. "जिला स्वतःचं बोट पुढे करता येत नाही, तिने लोकांचं टोचू नये."

माझ्या स्लाइडमध्ये काही नव्हतं. तुझ्या स्लाइडशी तू बराच वेळ वाकून उभी होतीस. मग हसतच म्हणालीस, "उषा, पाह्य वं इकडं. माह्या काचेत तं विळेच विळे दिसून राहिले."

मलाही ती गंमतच वाटली. डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि त्यांनी तुझ्यासाठी स्टूल ओढलं. स्टूल ओढल्यावर तू हसायची थांबलीस.

"तू आजारी नाहीस," त्या म्हणाल्या. "आईकडून नाहीतर वडिलांकडून एक वाटा तुझ्यात आला आहे, एवढंच. तू शंभर वर्षं जग. फक्त लग्न ठरेल तेव्हा मुलाचं रक्त पाहून घे. त्याच्यातही हेच निघालं, तर एखाद्या लेकराला दोन्हीकडून वाटा येतो. मग ते लेकरू आजारी."

"तसं लेकरू कसं असते बाई?" तू विचारलंस.

त्यांनी सांगितलं. सांध्यांचं दुखणं, पिवळे डोळे, वारंवार दवाखाना, लवकर जाणं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आमच्या गल्लीत होतं असं एक."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तू मला मनोहरबद्दल सांगितलंस. तुझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तुमचं लहानपणापासून ठरलेलं. जूनमध्ये साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मग लग्न. मॅट्रिकनंतर तो धानाची शेती पाहायला लागलेला, पण तुझ्या पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचा, रामटेकहून तुझ्यासाठी सायकलवर पेपर आणायचा.

मी विचारलं, "तुला आवडतो का?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुला श्वास घेतेस का असं विचारलं होतं. "आवडाले काय वेगळा दिवस लागते का वं? तो हायेच."

"आणि एम. एस्सी.?"

"मनोहर म्हणते, पुरं कर. आत्या म्हणते, मंग घर कोन पाहीन? पाहू."

ते "पाहू" माझ्या पोटात रुतलं. जेमतेम तीन आठवड्यांची आपली मैत्री. दुपारी दोघींचे डबे एकत्र उघडायचे, दुपट्ट्यात तोंड गुंडाळून दोघींनी सायकली हाणायच्या, आणि माझ्या आईने पर्समध्ये टाकलेल्या कांद्यावरून तू मला रोज चिडवायचीस. ऊन लागू नये म्हणून आई तो द्यायची. पुढे तिने तुझ्यासाठीही एक द्यायला सुरुवात केली. हे सगळं जूनपर्यंतच का?

गावांच्या यादीत तुझ्या आत्याचं गाव होतं. आपण तिथे गेलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली, पण सुई पाहून कुणी पुढे येईना. मनोहर गर्दीतून आला आणि बोट पुढे करून बसला. "घ्या ताई. पन सारंच नोका काढू, धान पेराचं हाय अजून." लोक हसले आणि रांग लागली. तू यादीत त्याचं नाव लिहिलंस. त्याचं बोट मी टोचलं, कारण तू हळूच म्हणाली होतीस, "याचं तू कर."

स्लाइड तिथेच तयार करून लाकडी पेटीत ठेवल्या. ती पेटी मी एस.टी.त मांडीवर धरून बसले होते. वारा भट्टीसारखा होता. पाचच्या सुमाराला आपण प्रयोगशाळेत पोचलो. डॉक्टरबाई दोन दिवसांसाठी परगावी गेलेल्या होत्या. मनोहरची स्लाइड मी काढली आणि तुला म्हटलं, ये. तू खिडकीशी पाठमोरी उभी राहिलीस.

"मी पाहीन तं मले जे पाह्यजे तेच दिसन. तू पाह्य. तू म्हणशीन ते खरं."

सिंधू, आता ऐक.

कडेचं मेण उन्हाने वितळलं होतं आणि एका बाजूने स्लाइड वाळली होती. मधे पेशी गोल होत्या. कडेला चुरगळलेल्या, टोकदार, वेड्यावाकड्या होत्या. वाळलेल्या स्लाइडवर कुणाच्याही रक्ताच्या पेशी अशा दिसतात, हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्यांत विळे होते का? दोन-चार होते असं मला वाटलं. वाटलं, एवढंच. काच खराब झाली, पुन्हा घेऊ, इतकंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "आहे गं."

पुढे मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. शंका असली तर सावध राहिलेलं बरं. पुढच्या लेकराचा प्रश्न आहे. दोघं एकाच रक्ताची, असणारच. पण तू खिडकीशी उभी राहून म्हणालीस ते माझ्याच बाबतीत खरं होतं. मला जे पाहिजे होतं ते मला दिसलं. तू जूनमध्ये जायला नको होतीस. तू मला हवी होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत मनोहरच्या नावापुढे मी लिहिलं, "स्लाइड वाळली. पुन्हा." वहीत खोटं लिहिण्याची हिंमत माझ्यात नव्हती. तुझ्याशी बोलताना ती होती. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी ते वाचून मान हलवली. पण तोवर पेरण्यांची घाई लागली आणि त्या गावाला आपलं पुन्हा जाणं झालं नाही.

तू मात्र त्याच शनिवारी गावाला गेलीस. सोमवारी आलीस ती कोरड्या ओठांनी.

"नाही म्हणून सांगतलं," तू म्हणालीस.

"कारण काय सांगितलंस?"

"कारण नाही सांगतलं."

"अगं, पण कारण सांगायला हवं! तुझा काय दोष आहे? त्याचा काय आहे? सगळ्या गावाला सांगायला हवं. आपण त्यांचं रक्त घेऊन आलो, मग त्यांना..."

"तुह्या धरमपेठेत सांगनं सोपं हाय. माह्या मागं दोन बहिनी हायेत. रक्तात खोट हाय म्हणून कळलं, तं त्याहिले कोन करन? अन् मनोहरले? त्याले कोन पोरगी देईन?"

"म्हणून तू त्याला तसंच सोडणार? त्याला काय वाटेल?"

"वाटू दे. मी शिकली म्हणून माजली, असं वाटन. ते चालते."

आपलं हे भांडण कधी संपलंच नाही. पुढे दरवर्षी, कुठूनही सुरू व्हायचं. सांगायला हवं, ही माझी बाजू. तू माझं सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुले सांगाचा लई सोस हाय." ज्याने सगळा उलगडा झाला असता, ते माझ्याच पोटात होतं आणि सांगा, सांगा म्हणून ओरडत मीच होते.

तुझ्या आत्याने तुमच्या घरी येणं टाकलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मनोहरचं दुसरीकडे लग्न झालं. तू एम. एस्सी. पुरी केलीस, रामटेकला मुलींच्या शाळेत लागलीस. बहिणींची लग्नं तू उभी राहून करून दिलीस आणि दोन्ही जावयांची रक्तं कसली तरी निमित्तं काढून माझ्याकडून तपासून घेतलीस. ती मी तीन-तीनदा पाहिली. तुझ्या ते लक्षात आलं होतं. "एवढं काय पाहून राहिली वं?" असं तू एकदा विचारलंसही.

स्वतःच्या लग्नाचं नाव तू पुन्हा काढू दिलं नाहीस. दहावीच्या मुलींना मात्र तू दरवर्षी फळ्यावर विळे काढून दाखवायचीस आणि म्हणायचीस, पत्रिका पाहा, न पाहा, रक्त पाहा. शोकसभेत एका मुलीने हे सांगितलं. ती कडेवर बाळ घेऊन आली होती. मला वाटलं, मी आयुष्यभर नुसतं सांगा, सांगा म्हणत राहिले आणि तू तुझ्या पद्धतीने सांगत होतीस.

मीही लग्न केलं नाही. त्याला तसं कारण काही नाही, राहून गेलं. एका खासगी पॅथॉलॉजीत लागले, बाबा गेले, मग आई गेली. आई गेली तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे राहिलीस. शाळेसाठी रामटेकला रोज जाणंयेणं केलंस. एका संध्याकाळी आपण गच्चीत बसलो होतो आणि मला वाटलं, आता. मी म्हटलं, "सिंधू, त्या मनोहरच्या काचेचं..."

तू उठलीस. "चहा ठेवू का?" म्हणालीस. आणि आत गेलीस. मला वाटलं, अजून दुखतं आहे हिला, आपण कशाला खपली काढायची. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

रविवारी तू यायचीस. दहाच्या बसने, हातात कसली तरी भाजी. तू येणार म्हणून मी शनिवारपासून माणसात असायचे. आता शनिवार येतो, आणि काय करायचं ते मला कळत नाही.

परवा तेरवीला तुझ्या भावाच्या अंगणात मांडव घातला होता. पंगत उठल्यावर एक माणूस माझ्यापाशी आला. डोक्याला टोपी, मिशा पिकायला लागलेल्या. त्याने नाव सांगेपर्यंत मी ओळखलं नाही.

"मी मनोहर, ताई. तुमी माहं बोट टोचलं होतं."

मी उठून उभी राहिले. तो म्हणाला, "बसा, बसा," आणि समोरच्या सतरंजीवर टेकला. मग म्हणाला, "तुमी तिच्या जवळच्या. एक इचारू? मले काहून नाही म्हणलं होतं तिनं? माह्यात काय कमी होतं?"

मी म्हटलं, "तिने कधीच नाही सांगितलं तुम्हाला?"

"नाही. एक डाव मात्र रक्त पाह्यलं होतं तिनं माहं."

"ते मी पाहिलं होतं."

"ते नाही. तुमचं तं उन्हाळ्यात. हे दिवाळीच्या वक्ती. माह्या लग्नाचा बस्ता घ्याले नागपूरले आलो होतो, साक्षगंध झालं होतं तवा. ती दुकानात आली अन् म्हणे, माह्यासंगं कॉलेजात चाल जरा. तिथं बोट टोचलं, मले बाहेर बसवलं. दोनदा टोचलं बरं का. मंग बाहेर आली अन् म्हणे, तुह्यात काहीच दोष नाही, बेफिकीर लग्न कर. पोरगी चांगली हाय. डोये लाल झाले होते तिचे. मी म्हणलं काय झालं, तं म्हणे, औषधाची वाफ गेली."

सिंधू, मांडवात माणसं भांडी आवरत होती, कुणी सतरंज्या झटकत होतं. मला ते सगळं फार लांबून ऐकू येत होतं. तुला दिवाळीतच कळलं होतं. येणाऱ्या मुलीला सावध करण्याआधी खात्री करावी म्हणून तू त्याचं रक्त पाहायला गेलीस, आणि त्यात काही नव्हतं. त्याचं साक्षगंध झालं होतं. तू तोंड उघडलं असतंस तर ती मुलगी मांडवाच्या दारातून परत गेली असती. म्हणून तू त्याला सांगितलं नाहीस. ते मला समजतं. पण मला? त्याच रविवारी तू माझ्याकडे आली असशील. आपण जेवलो असू. आईने तुला आग्रह करून वाढलं असेल. ती वही दोन महिने आपल्या दोघींच्या टेबलावर उघडी असायची, "स्लाइड वाळली" हे तू कधीतरी वाचलंही असशील. आणि सतरा वर्षं तू मला एक शब्द बोलली नाहीस. गच्चीतून उठून चहा करायला गेलीस.

तू मला माफ केलं होतंस, की मी सांगण्याची वाट पाहत होतीस? मी तिथे गच्चीत वाक्य पुरं केलं असतं तर तू परत येऊन बसली असतीस का? तू मला सांभाळलंस, याबद्दल तुझे उपकार मानावेत तर वाटतं, तू मला त्यात एकटीलाच ठेवलंस. आणि तू तरी कुठे कुणाबरोबर होतीस?

मनोहर माझ्याकडे बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं. वितळलेलं मेण, वाळलेली स्लाइड, मी बोललेले दोन शब्द, सगळं. ती मला हवी होती, हेही सांगितलं. माझं झाल्यावर त्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे," तो म्हणाला, "तिले मी नको होतो, असं नव्हतं."

"नव्हतं."

तो मला रागावेल, चार माणसांत बोलेल, असं वाटलं होतं. मी त्याची वाटच बघत होते म्हण. पण तो उठला आणि गोठ्याच्या बाजूला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याची बायको माझ्यासाठी चहा घेऊन आली. गोल चेहऱ्याची, बोलकी. "यायले काय झालं वं बाई? तिकडं रडून राहिले."

"सिंधूची आठवण आली," मी म्हटलं.

"येईनच. मलेही येते." ती माझ्याजवळ बसली. "मी नवीन नवरी होती, तं सासू बोले ना, नणंदा बोले ना, घरात साऱ्यायची तोंडं फुगेल. ही एकटी आली पाहा मले भेटाले. माह्या हातात हात घेतला अन् म्हणे, घाबरू नोको, मानूस चांगला हाय. माह्या पोराचं नावही तिनंच ठेवलं." तिने पदराने डोळे पुसले. "काहून एकटी राह्यली बाप्पा ती, काही समजलं नाही. तुमाले माहीत असन."

मी चहा प्यायले. तिला काही सांगितलं नाही. मनोहरला सांगितलं म्हणून तू माझ्याशी भांडली असतीस, ते मला ठाऊक आहे, आणि मी ते पुन्हा सांगेन. पण हिला सांगितलं नाही. यावर तरी तुझं-माझं भांडण नाही.